कंकुबाईंच्या दहा दिशा

माझ्या सासूबाई कंकुबाई गेली चाळीसेक वर्षं तापी ओलांडून गेलेल्या नाहीत. जिल्हा आमचा नंदुरबार, कलेक्टर बसतो नंदुरबारला, आगगाडी मिळते नंदुरबारला आणि हे सगळं तापीच्या पलीकडे. लग्न करून आल्या तेव्हा आणि पुढे काही वर्षं माहेरी जाता-येता स्टेशन पाहिलं, तेवढंच त्यांचं नंदुरबार. अजूनही तिकडून कोणी आलं की खापर या आमच्या गावातल्या कापडदुकानात गादीवर बसल्या बसल्या विचारतात, "तठे आते काय नवीन शे?" समोरचा बिचारा गोंधळतो. तो विलायतेहून नाही, सकाळच्या एसटीने आलेला असतो.

याला कारण त्यांचं व्रत. आम्ही ओसवाल जैन, स्थानकवासी. गृहस्थाने घ्यायच्या आमच्या व्रतांत एक दिशांचं असतं. माणूस जितका लांब जाईल तितका त्याचा लोभ वाढतो आणि हातून हिंसाही जास्त घडते, म्हणून आपली हद्द आपणच आखायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. चार दिशा, चार कोपरे, वर आणि खाली, अशा दहा. हल्ली लोक हद्दही चतुराईने आखतात. 'भारताबाहेर जाणार नाही' असं म्हणून मोकळे होतात, कारण तसंही जायचं नसतंच. सासूबाईंनी तसली लबाडी केली नाही. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, पूर्वेला शहाद्याची गोमाई, पश्चिमेला गुजरातेतलं देडियापाडा. वर दोन मजले आणि खाली विहिरीच्या तळाइतकं. अक्कलकुव्याला एका लग्नात पंगत तिसऱ्या मजल्यावर होती, तर या खाली जिन्याशी खुर्ची टाकून बसल्या आणि निम्मं वऱ्हाड त्यांच्यासाठी ताटं घेऊन खाली-वर करत राहिलं.

माझं लग्नही या व्रतानेच ठरवलं. मी रूपल, माझं माहेर शहादा. मुलगी स्वतः जाऊन बघता आली पाहिजे, म्हणून मुलगी गोमाईच्या अलीकडची हवी होती. धुळ्याची एक मुलगी माझ्याहून देखणी होती असं मला पुढे कळलं. ती सुटली.

बरीच वर्षं मला वाटायचं, सासूबाई फार धार्मिक. मग हळूहळू लक्षात आलं की त्या फार घाबरलेल्या आहेत. व्रत लोभ आवरण्यासाठी असतं, त्यांनी ते कुंपण म्हणून घेतलं होतं.

त्यांचं माहेर बाडमेरकडचं. पाकिस्तानची सीमा जवळ. तिकडे पावसाचं पाणी साठवायला जमिनीत खोल टाकं बांधतात, वरून माणूस जेमतेम उतरेल एवढंच त्याचं तोंड. एकाहत्तरच्या युद्धात विमानं यायची. कंकु तेव्हा शाळकरी पोर, तिचा भाऊ चंदन अगदीच लहान. विमानांचा आवाज आला की वडील दोघांना कोरड्या टाक्यात उतरवायचे आणि वर झाकण ठेवायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही, ही सक्त ताकीद. एका दुपारी रेल्वेवर बॉम्ब पडले. चंदन रडायला लागला आणि कंकुने त्याचं तोंड हाताने दाबून धरलं. वर आई होती, वडील होते, काका होते, पण कोणीही एक शब्द बोललं नाही. वरचे सगळे मेले, असं ती पोर समजून चालली. झाकण उघडलं तेव्हा चंदनच्या गालावर तिच्या बोटांचे वळ होते. नंतर ती बरेच दिवस कोणाशी बोलली नाही.

युद्ध संपल्यावर वडिलांनी ठरवलं की ही पोर त्या सीमेपासून जितकी लांब देता येईल तितकी लांब द्यायची. खापरचं स्थळ आलं. एका बाजूला तापी, एका बाजूला नर्मदा, मागे सातपुडा. इथं कुठलं सैन्य कशाला येईल, असा त्यांचा हिशोब. गुजरातची हद्द खापरच्या दारातच आहे हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं. नवी नवरी घरात येते, कोणीतरी सहज म्हणतं, 'बॉर्डर इथून जवळच', आणि नवरी पांढरीफटक. शेवटी माझे सासरे रिखबचंद तिला घेऊन हद्दीपर्यंत गेले. एक पाय महाराष्ट्रात, एक पाय गुजरातेत ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "देख, काही व्हस का?" काही झालं नाही. एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्यांच्या मधून निघून गेली. इथल्या हद्दीवर पकडल्या तर दारूच्या बाटल्या पकडतात, माणसं मारत नाहीत. हे पटायला सासूबाईंना काही वर्षं लागली. पुढे आईवडील गेले, माहेरची ओढ संपली आणि आलेल्या पहिल्या चातुर्मासात त्यांनी दहा दिशा बांधून घेतल्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्यात त्यांनी एक घोटाळा केला. दिशांच्या व्रतासारखंच आमच्यात आणखी एक व्रत असतं, थोड्या वेळापुरतं घ्यायचं. त्यात हद्द अगदी लहान, घरापुरती किंवा खोलीपुरती, आणि नियम फार बारीक. हद्दीबाहेरून काही मागवायचं नाही, बाहेर कोणाला पाठवायचं नाही, बाहेरच्याला हाक मारायची नाही, चेहरा दाखवायचा नाही. मुद्दाम खोकून लक्ष वेधून घेतलं तरी दोष लागतो. सासूबाईंनी हे बारीक नियम उचलले आणि जन्मभराच्या व्रताला जोडून टाकले. विहार करत आलेल्या महासतीजींनी, म्हणजे आमच्या साध्वींनी, त्यांना समजावलं, की बाई, तुम्ही दोन व्रतांची खिचडी केलीये. सासूबाईंनी भक्तिभावाने हात जोडले आणि आपलंच चालू ठेवलं.

त्यामुळे फोनची गंमत झाली. तळोद्याशी बोलायला चालतं, सुरतशी नाही. सुरतचा व्यापारी फोनवर आला की यजमान बोलणार, सासूबाई शेजारी बसून खुणा करणार. सुरतचं कापड मात्र चालतं. मी एकदा विचारलं, "बाई, कापड बी हद्दना बाहेरथीनच येस ना?" तर म्हणाल्या, "मी कव्हय मांगाडं? अभिनंदन मांगाडस." अभिनंदन म्हणजे माझे यजमान, त्यांचा एकुलता मुलगा. आईचे सगळे दोष गेली पंचवीस वर्षं याच माणसाच्या खात्यावर जमा होतात.

अशा घरात आमचा अरिहंत जन्मला आणि जहाजावर गेला.

का गेला, हे काही मोठं कोडं नाही. ज्या पोराला लहानपणी आजीने तापीच्या पुलाच्या अलीकडे थांबून टाटा केला, त्याला पुलापलीकडे काय आहे याचीच ओढ लागणार. इंजिनिअरिंग केलं, मग जहाजाचा कोर्स केला आणि गॅस वाहून नेणाऱ्या एका जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागला. निघताना तो आजीच्या पाया पडला. सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवला, तो काढायचं काही नाव घेईनात. अरिहंत वाकल्या वाकल्याच म्हणाला, "दादी, बस चुकेल."

तेव्हापासून तो फोन करायचा आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा, "दादीला दे." मी फोन सासूबाईंच्या कानाशी धरायची. ऐकायला त्यांची हरकत नव्हती, बोलायला होती. तो तिकडून सगळं सांगायचा, काय जेवला, समुद्र कसा आहे, आणि मग म्हणायचा, "दादी, आहेस का? नुसती खोकल तरी." सासूबाई ओठ घट्ट मिटून बसायच्या. डोळे हसायचे, पण खोकायच्या नाहीत. घसा खवखवत असला तर फोन दूर सारायच्या. मला त्यांचा इतका राग यायचा की मी फोन आपटून ठेवायची.

गेल्या वर्षी, पंचवीस सालच्या मे महिन्यात, पाकिस्तानबरोबर ते चार दिवसांचं प्रकरण झालं. बाडमेरला दिवे बंद, आकाशात ड्रोन. चंदनमामांचा फोन आला. ते आता आजोबा झालेत आणि स्वभाव थट्टेखोर. म्हणाले, "बाईला विचार, टाकं झाडून ठेवू का?" मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि फोन बंद होईपर्यंत सोडलं नाही. सगळं शांत झाल्यावर त्यांनी उपवास केला आणि मला म्हणाल्या, "रूपल, ते संपनं ना? आते काही व्हवाव नही ना?" मी म्हटलं, संपलं. मला काय ठाऊक होतं.

जूनमध्ये इराण आणि इस्रायलचं जुंपलं. अरिहंतचं जहाज त्या वेळी आखातात होतं, गॅस भरून बाहेर निघायच्या तयारीत.

मी शाळेत भूगोल कसाबसा पास झालेली बाई. आखात, सामुद्रधुनी हे शब्द परीक्षेपुरते. अरिहंतने मला फोनवर समजावलं, "मम्मी, आखात म्हणजे एक पिशवी समज, तोंडाशी आवळलेली. आत सगळे तेलवाले देश. बाहेर पडायला तेवढंच एक तोंड, होर्मुझ. एका काठावर इराण, दुसऱ्या काठावर ओमानचे डोंगर. इराणने मनात आणलं तर तो तोंड आवळू शकतो. म्हणून सगळं जग त्याच्याशी भांडतं आणि भांडताना घाबरतंसुद्धा."

"मग तुम्ही दुसरीकडून या ना," मी म्हटलं.

"दुसरीकडे वाळवंट आहे, मम्मी. जहाज चालत नाही त्यावर."

तो हसला. मग म्हणाला, "आणि आपल्या घरातला सिलिंडर आहे ना, त्यातला बराच गॅस याच तोंडातून येतो. आपणच तर आणतो."

त्याने हे गमतीने म्हटलं. फोन सासूबाईंच्या कानाशी होता. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "म्हंजे इतला वरीस मन्ही चूल हद्दना बाहेरनाच गॅसवर पेटी ऱ्हायनी?" आणि त्या दिवसापासून त्यांनी गॅसवरचं खाणं सोडलं.

मागच्या पडवीत चूल मांडली. आमच्यात लाकूड सरळ चुलीत घालत नाहीत, त्यात जीव असतात. प्रत्येक लाकूड उलटंपालटं करायचं, पुंजणीने, म्हणजे लोकरीच्या मऊ कुंच्याने, हलकेच झाडायचं, मुंगी दिसली तर बाजूला सोडायची, मग ते जाळायचं. एका चहाला अर्धी सकाळ. धुराने माझे डोळे सुजले. इकडे टीव्हीवर क्षेपणास्त्रं, तिकडे सासूबाई एका वाळवीचं कुटुंब सुखरूप हलवतायत. मी शेवटी ओरडलेच, "बाई, तिथं माझा पोरगा गॅसच्या डोंगरावर बसलाय आणि तुम्ही इथं मुंग्या वाचवताय!"

त्यांनी मान वर केली नाही. "माले दुसरं काय वाचाडता येस?" म्हणाल्या.

मी आत जाऊन रडले. राग त्यांच्यावर नव्हताच. मला भीती वाटत होती, आणि ती कोणावर तरी काढायची होती.

अभिनंदनने फोनवर जहाजं दाखवणारा नकाशा घेतला होता. त्यात अरिहंतचं जहाज म्हणजे एक हिरवा ठिपका. अशा ठिपक्यांचा नुसता पुंजका त्या पिशवीच्या आत थांबलेला. गिऱ्हाइकाला कापड दाखवताना मध्येच यजमान फोन काढायचे आणि मीटरपट्टी हातात तशीच धरून बघत राहायचे. बाजाराच्या दिवशी आमशा आला. हा मणिबेलीकडचा, नर्मदेच्या धरणाच्या फुगवट्यात होडी चालवतो. त्याचं जुनं गाव पाण्याखाली आहे. होडीला ताडपत्री हवी होती. यजमानांचं लक्ष नाही बघून त्याने विचारलं, काय झालं. यजमानांनी त्याला नकाशा दाखवला, चिमटीने मोठा केला, ते तोंड दाखवलं.

आमशाने बराच वेळ पाहिलं. "शेठ, जठे दोन्ही डोंगर जोडे येतस तठेच अडावतस," तो म्हणाला. "आमनी नदी बी तशीच अडावी. रुंद जागावर कोन अडावस?" मग फोन परत देत, "अडावनारा एक ऱ्हास. बुडनारा दुसराच ऱ्हास."

त्याला दिलासा द्यायचा होता की नाही, कोण जाणे. गादीवर बसलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं. नर्मदा ही त्यांची उत्तरेची हद्द. आजवर ती त्यांना भिंत वाटत आली होती. त्यांनी आमशाला विचारलं, "पानी वर चढनं तव्हय तुमले कोनी सांगं का?"

"सांगं ना, शेठाणी. कागदवर सांगं."

सासूबाईंनी त्याला ताडपत्री मोजून दिली आणि वर हातभर जास्त दिली.

त्यानंतरच्या दुपारी अरिहंतचा फोन आला. मी मागे पडवीत चुलीशी होते. सासूबाई शेजारीच आसन टाकून सामायिकाला बसलेल्या. सामायिक म्हणजे ठरलेला वेळ संसाराचं काही बोलायचं नाही, मनातही आणायचं नाही. तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधलेली, हातात माळ.

"मम्मी," तो म्हणाला. आवाजावरूनच मला कळलं. पोटचं पोर खोटं हसतंय हे आईला समुद्रापलीकडूनही कळतं. "आम्ही आज निघतोय. ऑर्डर आलीये. थोड्या वेळाने नेट बंद करतील. माझी ड्युटी खाली आहे, इंजिन रूममध्ये. तिथं रेंज नसतेच."

"खाली म्हणजे?"

"पाण्याच्या पातळीच्या खाली. मम्मी, वर डेकवर असलं की निदान दिसतं काय चाललंय. खाली काही दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात काही ऐकूही येत नाही. काही झालं तर..." आणि तो थांबला. "मला भीती वाटते गं."

मी इतकी बोलकी बाई, अख्ख्या खापरमध्ये जिभेसाठी प्रसिद्ध, आणि मला बोलता येईना. काही बोलले असते तर हंबरडाच फुटला असता, आणि तो घेऊन माझा पोरगा खाली उतरला असता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि जमिनीवर ठेवला.

"मम्मी? आहेस का?"

सासूबाईंची माळ थांबली होती.

"दादी आहे का तिथं?" अरिहंतने विचारलं. या वेळी तो खोकायला सांगत नव्हता. "दादी, टाक्यात तू काय केलं होतंस? तुला किती भीती वाटली होती?"

सासूबाईंनी दोन्ही हात मानेमागे नेले. मला वाटलं, पदर सारखा करतायत. त्यांनी मुहपत्तीची गाठ सोडली. कापडाची नीट घडी घातली, माळेशेजारी ठेवली आणि फोन उचलून तोंडासमोर धरला. आवाज लांब पाठवायचा म्हणून ओरडूनच बोलल्या.

"अरिहंत, मी बोली ऱ्हायनी. दादी."

"दादी?" तिकडून आलं.

"ऐक. टाकामा माले बॉम्बनी भीती नही वाटनी. वर सगळा व्हतात, पन कोनी बोलनं नही, तेनी भीती वाटनी. माले वाटनं, सगळा मरी गयात. एक जन जरी वरथीन बोलतं ना, 'कंकु, आम्ही शेतस', ते मी चंदननं तोंड इतलं दाबती नही." त्यांनी श्वास घेतला. "आते तू खाले शे आनि मी वर शे. तू खाले जाय, तुन्हं काम कर. तुले ऐकू येवो का नको येवो, मी आठे बठीसन बोली ऱ्हायनी, इतलं ध्यानमा ठेव. मी थांबाव नही."

"दादी, तुझं व्रत," अरिहंत म्हणाला. तो रडत होता.

"व्रत मन्हं शे. मी देखी लिसू. तू जाय."

फोन बंद झाला. सासूबाई थांबल्या नाहीत. रेंज नाही, फोन नाही, ऐकणारं कोणी नाही आणि त्या बोलत बसल्या. पडवीतल्या खांबाकडे तोंड करून, पश्चिमेला. दुकानात आज कोण आलं, आमशाने ताडपत्री नेली, चुलीला ओलं लाकूड लागलंय, रूपल रडतेय पण रडू दे, तुझा बाप जेवला नाही. अधूनमधून णमोकार मंत्र म्हणायच्या, मग पुन्हा बाजारभाव. मी त्यांना पाणी दिलं तर घोटाघोटाच्या मध्ये बोलल्या. ऐकायला येणाऱ्या शेजारणींना वाटलं, कंकुबाईंचं डोकं फिरलं. मला तसं वाटलं नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, कारण मलाही कोणाचा तरी आवाज हवा होता.

संध्याकाळी यजमान धावतच आत आले. ठिपका त्या तोंडाजवळ पोचला होता आणि अचानक उडी मारून जमिनीवर गेला होता. फोनवर दिसत होतं, आमच्या पोराचं जहाज वाळवंटाच्या मधोमध उभं. आजूबाजूला आणखी कितीतरी जहाजं, सगळी कोरड्या वाळूत. "जहाज जमीनवर कसं काय?" यजमान पुन्हा पुन्हा विचारत होते. युद्धात सिग्नल बिघडवतात, म्हणून ठिपके भलतीकडे दिसतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्ही तिघं त्या वाळूतल्या ठिपक्याकडे बघत होतो. बाडमेरची वाळू, एवढंच सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा बोलायला लागल्या. घसा बसला होता, शब्द फाटत होते. मी म्हटलं, "बाई, बस करा." त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ठिपका दिसेनासाच झाला. जेवणाचं नाव कोणी काढलं नाही. दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते मला समजत नव्हतं. मी लाल लुगडं मागणाऱ्या बाईला पडद्याचं कापड दाखवलं. टीव्ही लावायची माझी हिंमत नव्हती आणि बंद ठेवायचीही नव्हती. सासूबाईंच्या घशातून आता फक्त कुजबुज निघत होती. त्या कुजबुजत राहिल्या.

दुपारी मेसेज आला. 'बाहेर पडलो. सगळे ठीक.' यजमान गादीवर आडवे झाले आणि लहान मुलासारखे रडले. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बोलायच्या थांबल्या, उठल्या आणि मुहपत्ती बांधून आसनावर बसल्या. अर्धवट सोडलेलं सामायिक पुन्हा पहिल्यापासून केलं.

पुढे महासतीजी आल्यावर सासूबाईंनी सगळं सांगून प्रायश्चित्त मागितलं. महासतीजींनी काही आयंबिल सांगितले, म्हणजे तेल, तूप, मीठ नसलेलं एकवेळचं जेवण. पुन्हा एकदा हेही सांगितलं की फोनवर बोलल्याने तुमचं व्रत मुळात मोडतच नव्हतं. सासूबाईंनी पुन्हा हात जोडले, आयंबिल पुरे केले आणि फोनवर पुन्हा गप्प झाल्या. चूलही चालूच राहिली. मला वाटलं, चला, झालं ते तेवढ्यापुरतंच.

जहाज गुजरातच्या किनाऱ्याला लागलं, गॅस उतरवला. युद्धही तोवर थांबलं होतं. अरिहंतने फोन केला तेव्हा आम्ही तिघं पडवीत होतो. मी स्पीकर लावला. त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मस्तीखोर. काय खाल्लं, किती झोपला, सगळं सांगून झालं. यजमान म्हणाले, "आते घर ये, बेटा."

"नाही पप्पा. कॉन्ट्रॅक्ट आहे अजून. आज निघतोय परत, भरायला."

"परत तिथंच?" मी विचारलं.

"तिथंच, मम्मी. गॅस तिथंच आहे ना."

यजमान फोनकडे बघत राहिले. ते तोंड तिथंच होतं, ते दोन काठही तिथंच होते, आणि आमचा पोरगा पुन्हा खाली उतरणार होता. फोनमध्ये खरखर चालली होती. तोही बोलत नव्हता. त्यालाही भीती वाटत होती हे मला कळत होतं.

सासूबाई चुलीत घालायचं लाकूड झाडत होत्या. त्यांनी पुंजणी खाली ठेवली, फोनकडे जरा सरकल्या आणि खोकल्या. घसा कधीच बरा झाला होता, धूरही नव्हता. एकदा खोकल्या, मग उत्तर येईना म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने.

"ऐकलं, दादी," अरिहंत म्हणाला.

सासूबाईंनी मान डोलावली आणि लाकूड पुन्हा हातात घेतलं.